पाचव्या वर्षाचा अभिप्राय

नवी वस्तू घरात आली की आठ दिवसांत तिच्याबद्दल मत देण्याची आपल्याला घाई होते. आवाज कसा, स्क्रीन कशी, चार्जिंगला वेळ किती. चार किंवा पाच तारे दिले की विषय संपला. माझ्या मते हे तारे वस्तूला नसतातच, ते तिच्या नवेपणाला असतात, आणि नवी असताना कुठलीही वस्तू बरीच वाटते. खरी परीक्षा पाचव्या वर्षी होते. तेव्हा ती चालते का, बिघडली तर उघडता येते का, आपल्याला नको झाली तर दुसऱ्याच्या कामी येते का? या तीन कसोट्या लावून अलीकडे घरोघरी आलेल्या वस्तू पाहिल्या आणि त्याच रांगेत एक कादंबरीही ठेवली, तर जो क्रम लागतो तो जाहिरातींत कधी दिसत नाही.

इयरबडपासून सुरुवात करू. कानात मावणाऱ्या त्या गोळीत स्पीकर, सर्किट आणि बटणाएवढी लिथियम बॅटरी असते. बाहेरचं कवच बहुतेक वेळा चिकटवलेलंच असतं, त्याला स्क्रू नसतो की खाच नसते. पातं घालून उघडायला जावं तर कवच तडकतं किंवा आतली केसासारखी तार तुटते. बॅटरी काही वर्षांत उतरणार, तो रसायनाचा स्वभाव आहे; त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. दोष आहे तो ती बदलण्याची वाट बंद करून ठेवण्यात. त्यात आमच्याकडचा उन्हाळा वेगळाच. ॲपल काय आणि सॅमसंग काय, फोन शून्य ते ३५ अंशांत वापरावा असं स्वतःच सांगतात. मे महिन्यात रायपूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. थंडगार खोलीत बसून दिलेला अभिप्राय नवा रायपूरच्या उघड्याबोडक्या रस्त्यावर दुपारी दोन वाजता फारसा उपयोगाचा नाही. इयरबडचा आवाज छान असेलही, पण पाचव्या वर्षी त्याची जागा बहुधा कचऱ्यात असेल. माझ्या यादीत तो शेवटचा.

यावरून कुणी म्हणेल, यंत्रं तशीच असतात, टिकत नाहीत. तर मग कूलरचं काय? विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत उन्हाळा ज्याच्या जिवावर निघतो, तो लोखंडी कूलर हेही यंत्रच आहे. पत्र्याची टाकी, तीन बाजूंना ताट्या, तळाशी पाण्याचा छोटा पंप, मध्ये मोटर आणि पंखा, एवढाच त्याचा संसार. ताट्या दर उन्हाळ्याला बदलायच्या, पंप जळला तर नवा बसवायचा, मोटर गेली तर वाइंडिंग करून आणायची. नाक्यावरच्या कुठल्याही मिस्त्रीला तो उघडता येतो, कारण त्यात लपवलेलं काही नसतं. त्याचे तोटेही आहेतच. तो घरघरतो, पाणी खातो आणि पावसाची पहिली सर आली की हवा दमट होऊन निकामी ठरतो. तरीही दहा-पंधरा वर्षं चालतो, नंतर गावी किंवा भाडेकरूकडे जातो. म्हणजे भांडण जुनं विरुद्ध नवं असं नाही आणि पुस्तक विरुद्ध यंत्र असंही नाही. भांडण उघडणाऱ्या वस्तू आणि बंद वस्तू यांच्यात आहे.

आता कादंबरी. रायपूरचे विनोदकुमार शुक्ल यांना मार्च २०२५ मध्ये ज्ञानपीठ जाहीर झालं आणि ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ अनेकांनी नव्याने विकत घेतली. पुस्तक १९९७ सालचं, १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्याला मिळालेला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या हिंदी प्रकाशकाने रायपुरातच त्यांना ३० लाख रुपयांची रॉयल्टी जाहीरपणे दिली, आणि डिसेंबरात शुक्ल गेले. तीन दशकांच्या उंबरठ्यावरची वस्तू नव्या जोमाने खपते, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात घडायचं नाही. पण मी तिला वरचा क्रमांक देतो तो खपामुळे नव्हे. रघुवर प्रसाद हा छोट्या गावातला गणिताचा प्राध्यापक, त्याची बायको सोनसी, एका खोलीचं बिऱ्हाड आणि त्या खोलीची खिडकी, जिच्यातून उतरलं की तळं, झाडं आणि चहा पाजणारी म्हातारी असं दुसरंच जग. एक साधू रघुवरला हत्तीवरून कॉलेजात पोचवतो. पहिल्या चाळीस पानांत ‘काहीच घडत नाही’ असं वाटून कुणी दोन तारे दिले तर नवल नाही. माझाही एक आक्षेप आहे: खिडकीपलीकडचं जग इतकं प्रसन्न आहे की खिडकीअलीकडच्या तंगीची धार कधीकधी बोथट होते. तरी दुसऱ्या वाचनात लक्षात येतं, की या जोडप्याला मिळणारा आनंद कुठल्याही खरेदीतून आलेला नाही, आणि लेखकाने ते कुठेही बोलून दाखवलेलं नाही. वापरागणिक वाढत जाणारी वस्तू माझ्या यादीत हीच एक.

ई-रीडरबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे, आणि कागदप्रेमींना ते आवडणार नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, डोळे शिणत नाहीत, चार्जिंग अनेक दिवस पुरतं. रायपुरातल्या मराठी वाचकाला पुस्तकासाठी नागपूरकडे बघावं लागतं, त्याच्यासाठी ही मोठीच सोय. पण तिसऱ्या कसोटीवर तो गडगडतो. घेतलेलं ई-पुस्तक मैत्रिणीला देता येत नाही, वाचनालयाला भेट देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही. २००९ साली ॲमेझॉनने परवान्याच्या वादातून ग्राहकांच्या किंडलवरून पुस्तकं दुरूनच पुसून टाकली होती. त्यात जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ होती. कंपनीने पुढे माफी मागितली, पण कपाटातलं पुस्तक विक्रेत्याला रात्रीतून नेता येतं, एवढं त्यातून कळलंच. म्हणून ई-रीडर जरूर घ्यावा; जपून ठेवायचं पुस्तक मात्र कागदावरच घ्यावं.

बंद वस्तूंबद्दलच्या तक्रारीवर कंपन्यांची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, फोन सीलबंद ठेवल्यामुळेच तो पाण्यात टिकतो. हे अर्धसत्य आहे. २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस ५ ची बॅटरी नखाने झाकण उचलून काढता येत असे, तरी तो फोन पाण्यापासून सुरक्षित होता. दुसरं, दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडते. ती स्वस्त पडते कारण सुटे भाग मिळत नाहीत किंवा अव्वाच्या सव्वा दराने मिळतात. रायपूरच्या जयस्तंभ चौकातल्या रवी भवन या मोबाइल बाजारात हात चालवणाऱ्या कारागिरांची कमतरता नाही, अस्सल भागांची आहे. तिसरं, वस्तू दुरुस्त करता आलीच पाहिजे असा नियम व्यवहार्य नाही. युरोपीय संघात फोनसाठी तो २० जून २०२५ पासून लागू आहे: मॉडेल बाजारातून गेल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग पुरवायचे आणि बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखायची. तिथे जमतं ते इथेही जमेल.

आपल्याकडे याची सुरुवात कागदावर झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल दिला: वस्तू किती सहज उघडते, भाग मिळतात का, माहिती आणि अवजारं उपलब्ध आहेत का, यावर गुण द्यायचे. एसीवरचे विजेचे तारे पाहून खरेदी करायला आपण शिकलोच, तसे हेही शिकू. नवा रायपुरात ११ एप्रिल २०२५ रोजी ११४३ कोटींच्या गॅलियम नायट्राइड चिप कारखान्याची पायाभरणी झाली. इथे चिप बनणार असेल तर ती बसवलेली वस्तू इथे उघडताही आली पाहिजे, ही मागणी अवाजवी नाही. शुक्लांच्याच ‘नौकर की कमीज’ या कादंबरीत साहेबाकडे सदरा आधी तयार असतो आणि त्यात बसणारा नोकर मागाहून शोधला जातो. बंद वस्तू विकत घेणारा ग्राहक त्याच सदऱ्यात शिरतो. तेव्हा पुढच्या खरेदीला दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: बॅटरी कोण बदलून देणार, आणि सुटे भाग किती वर्षं मिळणार? बिलावर लिहून द्यायला तो तयार नसेल, तर खोकं तिथेच ठेवून या.