व्हिसा निघाला, पण कोणता?

आपल्या धर्मग्रामांतील कोणत्याही घरी परदेशगमनाची वार्ता एकाच वाक्यात सांगितली जाते : "व्हिसा निघाला!" मग पेढे वाटले जातात, सोयरेधायरे अभिनंदनास येतात, जाणाऱ्याच्या सुखरूप प्रवासासाठी मिस्सा अर्पण करण्याची विनंती आमच्याकडे येते. या साऱ्या आनंदात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. व्हिसा निघाला खरा, पण कोणता? भेटीचा, यात्रेचा, शिक्षणाचा, घरकामाचा, की कंपनीतल्या नोकरीचा? आमचे स्पष्ट मत असे आहे, की हा प्रश्न न विचारणे हे आता अज्ञान राहिलेले नाही. तो आपण जाणूनबुजून टाळतो, आणि त्याची किंमत विमानात बसणारा एकटा मोजतो.

व्हिसा म्हणजे केवळ दार उघडणारी चिठ्ठी नव्हे. "आपण कशासाठी येत आहात?" या यजमान देशाच्या प्रश्नाला पाहुण्याने दिलेले ते लेखी उत्तर आहे. उत्तर खरे असेल तर त्यामागोमाग कंत्राट, ठरलेला पगार, वैद्यकीय उपचार आणि तक्रार करण्याचा हक्क येतो. उत्तर खोटे असेल तर यांतले काहीही येत नाही. भेटीच्या व्हिसावर जाऊन वीट उचलणारा माणूस त्या देशाच्या दृष्टीने कामगारच नसतो. आणि जो कामगार नाही, त्याचा पगार बुडाला अशी तक्रार तरी कोणी ऐकायची?

१९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि आखाती देशांत बांधकामांना ऊत आला. तेव्हापासून आपली माणसे तिकडे जात आली आहेत. त्या पैशाने घरांवर स्लॅब पडले, बहिणींची लग्ने झाली, भावंडे शिकली. त्या कष्टांविषयी आमच्या मनात आदरच आहे. आमचा रोख जाणाऱ्यावर नाही. त्याला चुकीच्या कागदावर पाठविणाऱ्यांवर आहे, आणि त्या पाठविण्याकडे कानाडोळा करणाऱ्या आपल्या सर्वांवर आहे.

दलाल भेटीचाच व्हिसा का पुढे करतो, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. १९८३ साली संसदेने उत्प्रवास कायदा केला. त्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाने सरकारदरबारी नोंदणी करावी, बँकेची हमी ठेवावी, असे बंधन आले. जे दहावी उत्तीर्ण नाहीत, त्यांच्या पारपत्रावर 'ई. सी. आर.' अशी नोंद होऊ लागली. अशा व्यक्तीला आखातातील सहाही देशांसह एकूण १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते, आणि त्यासाठी नोकरीचा व्हिसा व कंत्राट दाखवावे लागते. त्याबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा येतो : दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांचा हप्ता, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. एजंटाच्या सेवाशुल्कालाही मर्यादा घातली गेली : ३० हजार रुपये आणि त्यावरील कर.

आता पाहा. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. मंजुरी नको, कंत्राट नको, विमा नको. आणि म्हणून एजंटाच्या शुल्कालाही मर्यादा नाही. ज्या तपासणीत त्याचे पितळ उघडे पडले असते, तिला वळसा घालण्याची वाट म्हणजे भेटीचा व्हिसा. "साहेब, हा व्हिसा लवकर निघतो," असे तो सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो लवकर का निघतो, तेवढे मात्र सांगत नाही.

आमच्या परिचयातील एका तरुणाची कहाणी बोलकी आहे. आईचे दागिने गहाण पडले, दलालाला दीड लाख मोचले गेले आणि दोन महिन्यांच्या भेटीच्या व्हिसावर तो दुबईस पोहोचला. काम मिळाले; पगार "कागद झाल्यावर" मिळणार होता. कागद झालेच नाहीत. दोन महिने सरले आणि मालकाने त्याला ओळख दाखविणे सोडले. संयुक्त अरब अमिरातीत मुदत उलटून राहिल्यास दर दिवसाला ५० दिरहम दंड होतो. सहा महिन्यांचे हे गणित ९ हजार दिरहमांवर, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास जाते. पगार शून्य, दंड रोजचा, आणि आजारी पडला तर रुग्णालयात जाण्याचीही भीती! अखेर १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात त्या सरकारने अशा लोकांना दंडमाफी दिली, तेव्हा तो परतला. त्याच्या आईचे दागिने मात्र परतलेले नाहीत. आणि दलाल? तो पुढच्या घरी पेढे खात होता.

यावर एक ठरलेले उत्तर येते : "तिथे गेल्यावर व्हिसा बदलून मिळतो, कित्येकांना मिळाला." आम्ही हे नाकारीत नाही. अमिरातीत मालकाने रीतसर परवाना काढला तर देशाबाहेर न जाताही दर्जा बदलून घेण्याची सोय आहे. परंतु ती चावी मालकाच्या हाती असते, कामगाराच्या नव्हे. परवाना निघेपर्यंत केलेले प्रत्येक दिवसाचे काम बेकायदेशीरच असते. त्या देशाने २०२४ साली कायदा कडक केला आणि परवान्याविना माणसे राबविणाऱ्या मालकांना एक लाखापासून दहा लाख दिरहमांपर्यंत दंड ठरविला. ज्याला इतका दंड होऊ शकतो तो मालक धाड पडताच "हा माझा माणूस नव्हे" असेच म्हणणार. ज्यांना व्हिसा बदलून मिळाला ते सुटीत घरी येतात आणि आपल्याला दिसतात. ज्यांना मिळाला नाही ते लाजेपोटी कोणाला काही सांगत नाहीत. केवळ दिसणाऱ्यांची मोजदाद करून आपल्या मुलाचे भवितव्य ठरवावे काय?

दुसरा प्रकार 'आझाद व्हिसा' या मोहक नावाने विकला जातो. यात कागदावर नोकरीचाच व्हिसा असतो. परंतु ज्या पुरस्कर्त्याच्या नावाने तो निघतो त्याच्याकडे काम नसते. "आत शिरा आणि मिळेल तिथे काम करा," असा हा सौदा असतो. असा कोणताही व्हिसा त्या देशांच्या कायद्यात नाही. 'आझाद' हे नाव दलालांनी दिलेले आहे. कुवेतमध्ये घरकामाचा परवाना कलम २० खाली आणि खासगी कंपन्यांचा कलम १८ खाली मिळतो. कलम २० च्या कागदावर दुकानात उभा राहणारा माणूस कितीही प्रामाणिकपणे राबला तरी गुन्हेगारच ठरतो. सौदी अरेबियात तर पुरस्कर्त्याने कामगार पळाल्याची, म्हणजे 'हुरूब'ची नोंद केली, की त्या माणसाचे राहणेच बेकायदेशीर होते. ज्याला 'आझाद' म्हणून विकत घेतले, त्याच्याइतकी परतंत्रता क्वचितच दुसऱ्या कागदात असेल.

"आमची मुले दहावीच्या पुढे शिकलेली आहेत, त्यांना ही मंजुरी लागत नाही," असे काही पालक अभिमानाने सांगतात. शिक्षणाचा अभिमान योग्यच आहे. परंतु मंजुरी लागत नाही याचा अर्थ सरकारने त्यांचे कंत्राट तपासलेले नाही, एवढाच होतो. ज्याच्यासाठी दुसरे कोणी कागद वाचीत नाही, त्याने तो स्वतः दुप्पट काळजीने वाचावा. पदवीधर मुलगाही भेटीच्या व्हिसावर काम करू लागला, की कायद्यापुढे निरक्षर कामगाराच्याच रांगेत उभा राहतो.

आता तिसरा प्रकार. आणि येथे प्रकरण थेट आमच्या मेजावर येते. पवित्र भूमीच्या यात्रेसाठी व्हिसा काढताना धर्मगुरूंचे पत्र मागितले जाते. अमुक व्यक्ती आमच्या धर्मग्रामाची असून भाविक आहे, यात्रेसाठी जात आहे, असे आम्ही लिहून द्यावे अशी अपेक्षा असते. बहुतेकांची श्रद्धा निखळ असते. परंतु जेरुसलेमला पोहोचताच गटातून नाहीसे व्हायचे आणि वृद्धांच्या शुश्रूषेचे काम पत्करायचे, असा बेत आखूनही हे पत्र मागितले जाते. इस्राएलमध्ये पर्यटकांचा व्हिसा बी-२ आणि नोकरीचा बी-१. एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही. एक माणूस नाहीसा झाला की यात्रेचा प्रमुख चौकशीत अडकतो, आणि पुढच्या गटातील आजी-आजोबांच्या अर्जांकडे संशयाने पाहिले जाते. ज्यांनी आयुष्यभर पै पै साठवून बेथलेहेम पाहण्याची आस धरली, त्यांच्या वाटेत आपण धोंडा टाकतो. शिवाय त्या पत्राखाली सही आमची असते. खोटी साक्ष देऊ नये, हे लहान मुलांना शिकवायचे आणि सोमवारी धर्मग्रामाच्या शिक्क्यानिशी तीच द्यायची, हे आमच्याच्याने होणार नाही.

काही सुशिक्षित बांधव आम्हांला उलट प्रश्न करतात : "ख्रिस्तसभा तर स्थलांतरितांची कैवारी. पवित्र कुटुंबाने इजिप्तला पळ काढला तेव्हा कोणता व्हिसा होता? धर्मगुरूंनी सरकारी अंमलदारासारखे कागद का तपासावेत?" प्रश्न बिनतोड वाटतो, तसा तो नाही. बाराव्या पायस यांनी १९५२ साली 'एक्सुल फमिलिया' या पत्रात नाझरेथच्या कुटुंबाला सर्व परागंदा कुटुंबांचा आदर्श म्हटले, हे खरेच आहे. परंतु ते कुटुंब तलवारीपासून पळाले होते; त्यांना कोणा दलालाने कमिशन घेऊन धाडले नव्हते. जो अडकला आहे त्याला आधार देणे हे आमचे कर्तव्यच आहे, मग त्याचा कागद कोणताही असो. पण जो अजून अडकलेला नाही, त्याला सापळ्यात ढकलताना गप्प बसणे याला करुणा म्हणत नाहीत.

खरी वाट संथ आहे, हेही आम्ही मान्य करतो. कंत्राटाची वाट पाहावी लागते, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, आणि गरजू घराला दोन महिनेही दोन वर्षांसारखे वाटतात. दलालाचे दुकान सरकारी दिरंगाईवरच चालते, हे सरकारनेही ओळखावे. तरी त्या दिरंगाईवर तोडगा म्हणून आपलाच मुलगा तारण ठेवता येत नाही.

म्हणून आम्ही काही गोष्टी आग्रहाने मांडतो. पैसे देण्यापूर्वी एजंटाची नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहावी. धर्मग्रामातील संगणक जाणणाऱ्या तरुणांनी हे काम सेवा म्हणून अंगावर घ्यावे. आपल्या पतपेढ्यांनी परदेशी नोकरीसाठी कर्ज देताना नोकरीचा व्हिसा आणि कंत्राट मागावे. भेटीच्या व्हिसावर नोकरीचे कर्ज देऊ नये. व्हिसावरील व्यवसाय, मालकाचे नाव आणि पगार हे कंत्राटाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणी विमानात बसू नये, आणि दोन्ही कागदांची एक प्रत घरी ठेवावी. परतलेल्या बांधवांनी आपल्या फसवणुकीची हकीकत न लाजता सांगावी. त्यांच्या एका कथनाने जेवढी घरे वाचतील तेवढी आमच्या दहा प्रवचनांनी वाचणार नाहीत. आणि यात्रेचे पत्र मागणाऱ्याला आम्ही यापुढे परतीची तारीख व घरच्यांची लेखी हमी विचारू. याचा राग येणाऱ्यांनी तो आमच्यावर खुशाल धरावा.

पुढच्या वेळी शेजारी पेढे घेऊन येईल तेव्हा ते जरूर घ्या, त्याच्या मुलाला आशीर्वाद द्या, आणि मग त्याला जवळ बसवून विचारा : "बाबा रे, व्हिसा कोणता आहे? जरा दाखव पाहू."