विश्लेषण : प्रेशर व्हेसलच्या एक इंची नोझलची जाडी किती हवी? सातारा-सांगलीसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

२१ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, शाळगाव एमआयडीसीमधल्या एका खत कारखान्यात रिअॅक्टरचा स्फोट झाला. विषारी वायू पसरला आणि तिघांचा जीव गेला. प्रत्येक दुर्घटनेचं कारण वेगळं असतं. पण अशा घटनेनंतर दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांची चर्चा होते, तेव्हा सगळ्यांचं लक्ष टाकीच्या पत्र्याकडे असतं. तिला जोडलेल्या अर्धा-एक इंची नळ्यांकडे फारसं कुणी पाहत नाही.

नोझल म्हणजे काय?

दाबाखालची वाफ, हवा, वायू किंवा रसायन ठेवणारी बंद टाकी म्हणजे प्रेशर व्हेसल. आत-बाहेर जाण्यासाठी टाकीला भोक पाडून जी आखूड नळी वेल्ड करतात, ती नोझल. प्रेशर गेज, ड्रेन, सेफ्टी व्हॉल्व्ह, सॅम्पलचा नळ हे सगळं नोझलवरच बसतं.

साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या पट्ट्यात साखर कारखाने, डिस्टिलरी आणि दूध प्रक्रिया प्रकल्पांत अशा टाक्या रोज चालतात. १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीपासून या भागाला इंजिनीअरिंगची परंपरा आहे. सातारा, मिरज आणि कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामंही चालतात. त्यामुळे टाकी बनवणारे आणि वापरणारे, दोघंही इथलेच.

दाबासाठी किती जाडी लागते?

उदाहरण घेऊ. टाकीचा व्यास १ मीटर आणि दाब सुमारे १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. नेहमीचं बॉयलर प्लेट पोलाद वापरलं, तर टाकीच्या पत्र्याला साधारण ३.६ मिमी जाडी लागते. त्याच टाकीवरच्या एक इंची नोझलला मात्र त्याच दाबासाठी ०.१५ मिमीसुद्धा लागत नाही. व्यास लहान, म्हणून भिंतीवरचा ताण कमी. ही जाडी पोस्टकार्डापेक्षाही कमी झाली.

मग नळी इतकी पातळ का चालत नाही?

कारण लहान नोझलला दाबापेक्षा बाहेरचे धक्के जास्त सोसावे लागतात. त्यावर जड व्हॉल्व्ह लटकतो. फिटर दोन हातांनी पाना ओढतो. पंप आणि कॉम्प्रेसरमुळे पाइपलाइन थरथरते. कुणी त्यावर पाय ठेवून वर चढतो. त्यात गंजाची भर. १० मिमीच्या पत्र्यातून १ मिमी गेला तर दहावा भाग गेला. ३ मिमीच्या नळीतून तेवढाच गेला तर तिसरा भाग गेला. आटे पाडलेले असतील, तर तेवढी जाडी आधीच कापली गेलेली असते.

नियम काय सांगतो?

भारतात आयएस २८२५ (१९६९) हे मानक आहे. पण जगभर आणि इथेही मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतली एएसएमई संहिता वापरली जाते. तिच्या आठव्या विभागातल्या 'यूजी-४५' या कलमात तीन आकडे काढायला सांगितलं आहे. पहिला, दाब, आटे आणि बाहेरचा भार धरून नोझलला लागणारी जाडी. दुसरा, त्या ठिकाणी टाकीच्या पत्र्याला लागणारी जाडी. तिसरा, तक्त्यातली किमान जाडी. तक्त्यात अर्धा इंचासाठी २.४२, एक इंचासाठी २.९६ आणि दोन इंचांसाठी ३.४२ मिमी दिले आहेत. प्रत्येक आकड्यात गंजासाठीची जादा जाडी धरायची. मग दुसऱ्या आणि तिसऱ्यातला कमी आकडा घ्यायचा, आणि तो व पहिला यांतला मोठा, ती नोझलची किमान जाडी. तपासणीसाठीच्या हँडहोल-मॅनहोलना फक्त पहिला आकडा पुरतो.

प्रत्यक्षात चूक कुठे होते?

वरच्या टाकीत गंजासाठी १.५ मिमी धरले, तर एक इंची नोझलला २.९६ अधिक १.५ म्हणजे ४.४६ मिमी हवेत. शेड्यूल ८० पाइपची कागदावरची जाडी ४.५५ मिमी. म्हणजे पास? नाही. पाइप बनवताना जाडी साडेबारा टक्क्यांपर्यंत कमी भरण्याची मुभा असते. ती वजा केली की हमखास मिळतात फक्त ३.९८ मिमी. त्यामुळे शेड्यूल १६० घ्यावा लागतो. शेड्यूल ४० तर गंजाचा विचार न करताच जेमतेम बसतो.

खर्चाचं म्हणाल, तर १५० मिमी लांबीच्या नोझलसाठी शेड्यूल ४० आणि १६० मधला फरक साधारण पाव किलो पोलादाचा आहे. बाहेरचा व्यास तोच राहतो. आतला मात्र २६.६ वरून २०.७ मिमीवर येतो. त्यामुळे गाळ येणाऱ्या ड्रेनसाठी एक साइज मोठी नोझल घेणं बरं.

हायड्रो टेस्ट पास झाली म्हणजे पुरे का?

ही चाचणी साधारण १.३ पट दाबाने, नव्या कोऱ्या जाडीवर होते. चार वर्षांच्या गंजानंतर किंवा सततच्या थरथरीनंतर काय होईल, हे ती सांगत नाही.

जबाबदारी कुणाची?

वाफेच्या बॉयलरसाठी आता १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आहे. एक हजार लिटरपेक्षा मोठ्या, दाबाखालच्या वायूच्या टाक्यांसाठी २०१६ चे नियम आहेत आणि ते पाहणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे. बाकी कारखान्यांतल्या दाबयंत्रणेला २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३१ लागू होतं.

पण निरीक्षक येण्याआधीचा निर्णय खरेदीच्या टेबलावर होतो. ऑर्डरमध्ये नुसतं 'एक इंची नोझल' लिहिलं, तर कमीत कमी दराचं कोटेशन शेड्यूल ४० चं येऊ शकतं. साइज, शेड्यूल, गंजासाठीची जाडी आणि 'साडेबारा टक्के वजा करून किमान जाडी' या चार गोष्टी लिहून घेतल्या, तर वाद उरत नाही. हंगाम संपल्यावर कारखाने दुरुस्तीला थांबतात, तेव्हा पत्र्यासोबत या नोझलनाही अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावायला काही मिनिटंच लागतात. तो आकडा वहीत राहिला, तर पुढच्या वर्षी नळी किती झिजली हे अंदाजाने नाही, मोजून सांगता येतं.