‘दिसलाच नाही हो, डॉक्टर!’

गेल्या डिसेंबरात पहाटे एका टेम्पोचालकाने जखमी सायकलस्वाराला माझ्या दवाखान्यात आणले. एमआयडीसीत सातच्या पाळीला निघालेला कामगार. पायाला फळी बांधून त्याला जिल्हा रुग्णालयात धाडेपर्यंत चालक दारात उभा राहून एकच सांगत होता, “दिसलाच नाही हो, डॉक्टर!” जमलेल्यांना ती थाप वाटली. मला वाटली नाही. कामगाराच्या अंगात काळा स्वेटर होता, मफलर तपकिरी. मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर होता खरा, पण कॅरिअरची डब्याची पिशवी नेमकी त्याच्यावर लोंबत होती.

वाहनाचा झोत आपल्याला लांबून दिसतो, म्हणून आपणही चालकाला दिसत असू, असे सायकलस्वार धरून चालतो. हीच मोठी चूक. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. त्यात समोरून उसाच्या ट्रॅक्टरचा प्रखर दिवा आला, की पुढचे काही सेकंद चालक आंधळाच म्हणायचा. वयाचाही भाग आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर विचारूच नका.

अंधुक उजेडात लाल रंग काळपट दिसतो. पांढरा, पिवळा उठून दिसतो. भडक पोपटी जाकिटे दिवसा आणि तिन्हीसांजेला उपयोगी. काळोखात त्यांवर चंदेरी पट्टी हवी. आपल्याकडे तिला ‘रेडियम’ म्हणतात. (क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेले रेडियम त्यात नसते, हे बरेच आहे!) ही पट्टी पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवते. ती पेडलला आणि पायाच्या घोट्याशी लावा. वरखाली हलणारा ठिपका पाहताच मेंदू ‘माणूस’ हे चटकन ओळखतो. स्थिर ठिपका मैलाच्या दगडाचाही असू शकतो. पूर्वी पँट साखळीत अडकू नये म्हणून क्लिप लावीत, तिच्यावरच पट्टी चिकटवली तरी काम भागते. रिफ्लेक्टरवरचा चिखल पुसत जा. दसऱ्याला सायकलची पूजा जरूर करा, पण कुंकवाचा टिळा रिफ्लेक्टरवर नको.

माझ्या लहानपणी दिव्याविना सायकल दिसली की हवालदार चाकातली हवा सोडीत. तेव्हा राग येई. आता वाटते, तो हवालदार माझ्यापेक्षा चांगला डॉक्टर होता.

कोणी म्हणेल, ट्रॉल्यांना मागे दिवे नाहीत, रस्त्यावरचे दिवे बंद, आणि उपदेश मात्र गरीब सायकलवाल्याला! तक्रार रास्त आहे. दोष त्याचा नाहीच. पण ते दिवे लागेपर्यंत त्याने उद्याच्या पहाटे कामावर जायचे कसे?

मला खरी काळजी शाळकरी मुलींची वाटते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, ही उत्तम गोष्ट. परंतु जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, क्लास सहाचा. गणवेशाचा शर्ट पांढरा, त्यावर गडद निळा स्वेटर, पाठीवर काळे दप्तर. म्हणजे पांढरे दिसायला उरले काय? मुख्याध्यापकांनी एखाद्या शनिवारी नंबरप्लेटवाल्याला शाळेत बोलावून प्रत्येक दप्तराला पट्टी लावून घ्यावी. तासाभराचे काम आहे.