चादरीमागचा दुष्ट

कुणी नभोनाट्य बसवलंय का? आमच्या गोरेगावच्या शाळेत चौथीच्या मुलांनी बसवलं. वर्गात चादर बांधायची, मागे उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. पत्रा हलवला की वीज कडाडते, करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो!

नाटकातला दुष्ट शास्त्रज्ञ मात्र सारखा "हा हा हा!" करत होता. म्हटलं, "अरे, हसू नकोस. हळू बोलून बघ." तो शांतपणे म्हणाला, "मी हे तुमच्या भल्यासाठीच करतोय." पहिल्या बाकावरची मुलगी दचकलीच. "बाई, माझे बाबा पण असंच म्हणतात!"

मग मी त्यांना डॅव्हरॉसची गोष्ट सांगितली. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची जुनी विज्ञानमालिका. तिच्यातले डॅलेक म्हणजे धातूच्या कवचात बसलेले निर्दय जीव. १९६३ पासून ते मुलांना घाबरवत आलेत. त्यांना घडवणारा शास्त्रज्ञ डॅव्हरॉस १९७५ साली पडद्यावर आला. चाकांची खुर्ची, एकच हात, कपाळावर यांत्रिक डोळा. बघूनच धडकी भरावी! पण नुसत्या आवाजाच्या नाटकात हे दिसणार कसं? 'बिग फिनिश' या ब्रिटिश कंपनीने २००६ साली 'आय, डॅव्हरॉस' ही चार भागांची ध्वनिमालिका काढली आणि थेट त्याचं लहानपणच ऐकवलं. १६ वर्षांचा हुशार मुलगा, सत्तेच्या मागे लागलेली आई, एक बहीण, आणि बाहेर न संपणारं युद्ध. खुर्ची नाही, यांत्रिक डोळा नाही. डोळे मिटून ऐकलं तर शेजारच्या इमारतीतला मुलगाच बोलतोय असं वाटावं.

"म्हणजे बाई, त्याची चूक नव्हती?" आमच्या 'शास्त्रज्ञा'ने विचारलं.

मी उत्तर शोधतेय तोवर मागून आवाज आला, "बहीण पण त्याच घरात वाढली ना रे!"

झालं! मधली सुट्टी भांडणात गेली. अर्धा वर्ग आईला दोष देतोय, अर्धा युद्धाला. शेवटी मी सांगितलं, मोठ्या डॅव्हरॉसचा आवाज देणारे टेरी मोलॉय हे बीबीसी रेडिओच्या 'द आर्चर्स' मालिकेत दूधवाल्याचंही काम करायचे. तेव्हा कुठे सगळे हसले.

घंटा झाल्यावर 'शास्त्रज्ञ' टेबलापाशी आला. "बाई, माझ्या शास्त्रज्ञाला पण एक बहीण द्या ना. तिने त्याला एकदा तरी अडवायला हवं."

शनिवारी पुन्हा तालीम आहे. बहिणीचं वाक्य अजून लिहायचंय.