पाठाचं रेकॉर्डिंग मोनोच करा

शिक्षक मित्रांनो, घरच्या कॉम्प्युटरवर पाठ रेकॉर्ड केलात की पाठवण्याआधी एकदा हेडफोन लावून ऐका. आवाज फक्त डाव्या बाजूला आलेला असेल, तर स्पीकरवर ते पटकन कळत नाही. घरोघरी दोन भावंडं एकच इअरफोन वाटून घेतात. उजवा कान ज्याच्या वाट्याला आला, त्याचा पाठ बुडाला!

माइक बिघडला म्हणून लगेच नवा आणू नका. साधा माइक एकच आवाज देतो. सॉफ्टवेअर मात्र स्टिरिओचे दोन चॅनल उघडून बसतं आणि दुसरा रिकामा राहतो. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगआधीच 'मोनो' निवडा. रेकॉर्डिंग झालंच असेल, तर ट्रॅकच्या मेनूतून स्टिरिओचे दोन मोनो ट्रॅक वेगळे करा आणि मुका ट्रॅक काढून टाका. दोन्ही एकत्र मिसळलेत तर आवाज बारीक होतो.

स्टिरिओ हवा गाण्याला, वाद्यं डावी-उजवीकडे ऐकू यावीत म्हणून. एकट्या बाईंच्या आवाजाला तो कशाला? शिवाय 44100 हर्ट्झ, 16 बिटची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 10 एमबी खाते, मोनो त्याच्या निम्मी.

आणि पालकांनो, मूल 'ऐकूच येत नाही' म्हणालं, तर रागावण्याआधी इअरफोनची दुसरी बाजू त्याच्या कानाला लावून बघा.