पासपोर्ट मिळाला, आता पाऊलही टाकू या!

लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण परदेशात असलं, की महाड-पोलादपूरची आई कंबर कसून तयारीला लागते. मेतकूट, डिंकाचे लाडू, अळीव सगळं आठवणीनं बांधून घेते. घराची व्यवस्था लावून विमानात बसते. आणि तिकडे पोहोचल्यावर? मुलगा किंवा जावई कामावरून येईपर्यंत खिडकीशी बसून राहते. सुट्टीच्या दिवशी गाडीतून मॉल दाखवून आणला, की 'आईंना सगळं फिरवलं' असं म्हणायला सगळे मोकळे. 'एकट्या बाहेर पडू नका, चुकाल' हे वाक्य मायेपोटीच आलेलं असतं. पण मायेचा झाला, तरी पिंजरा तो पिंजराच!

मैत्रिणींनो, आपण प्रवासाला नवख्या आहोत का हो? पोलादपूरहून महाडला दवाखान्यात यायचं, एसटी चुकली तर वडाप पकडायचं, कोकण रेल्वेसाठी वीर स्टेशन गाठायचं, हे आपण वर्षानुवर्षं करतोय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. ते दुःख उरात ठेवूनही आपण पुन्हा एसटीत बसलोच ना? १७ मार्च २०२३ पासून तर बायकांना एसटीचं तिकीट निम्म्या दरात मिळतं. प्रवासाची हिंमत आपल्यात आहेच. फक्त तिकडची रीत समजून घ्यायची.

पहिला फरक म्हणजे तिकडे बहुतेक बसमध्ये कंडक्टर नसतो. दुबईत 'नोल' नावाचं कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला लावायचं. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत, तिथंही कार्डच. ते फक्त चढताना लावायचं. दुबईची मेट्रो २००९ साली सुरू झाली. तिला ड्रायव्हर नाही, पण बायका-मुलांसाठी वेगळी जागा आहे. मात्र डब्यात खाणंपिणं केलं तर दंड होतो, तेव्हा पर्समधला लाडू पर्समध्येच ठेवा! टॅक्सी हवी असेल, तर गुलाबी टपाच्या टॅक्सी आहेत, त्या बायकाच चालवतात.

अमेरिकेत मोठी शहरं सोडली, तर गाडीशिवाय पान हलत नाही. ज्या मुलींना इथं गाडी चालवता येते, त्यांनी निघण्यापूर्वी पेणच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तिथले नियम मात्र आधी विचारून घ्यावेत. आणि लक्षात ठेवा, अमेरिकेत आणि दुबईत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली सवय नेमकी उलटी असते.

घराचा पत्ता आणि मुलांचे फोन नंबर इंग्रजीत कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद संपत नाही. अडचणीत दुबईत आणि इंग्लंडमध्ये ९९९, अमेरिकेत ९११ फिरवा. पहिल्या दिवशी मुलाबरोबर जा, दुसऱ्या दिवशी त्याला मागे चालायला सांगा, तिसऱ्या दिवशी एकट्या जा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलात, तरी पुष्कळ झालं.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. आईला परदेशात नेता, तसं तिच्या हातात ते कार्डही द्या. आणि हा विश्वास विमानतळावर अचानक उगवत नाही. आज महाडहून मुंबईला एकटी निघालेल्या सुनेला 'सोबत कोण आहे?' असं विचारण्याऐवजी 'पोहोचलीस की फोन कर' असं म्हटलं, तरच उद्या ती कुठल्याही देशात वाट विचारत, न घाबरता घरी परत येईल.