धडाडी कोणाच्या जिवावर?

सांगली जिल्ह्यातील कुंडल हे गाव महाराष्ट्राला प्रामुख्याने प्रतिसरकारचे गाव म्हणून ठाऊक आहे. १९४३ नंतरच्या धामधुमीत क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या सहकाऱ्यांचा वावर याच परिसरात होता. परंतु त्याच्याही तीन दशके आधी, १९१० साली, कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्थानकालगत, निवडुंगाने भरलेल्या माळावर एका उद्योजकाने आपला डाव मांडला होता. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या बत्तीस एकरांवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. उद्योगपतीने राजकीय सत्ता हाती घ्यावी काय, आणि घ्यायची तर त्याच्या स्वभावातील काय पारखून घ्यावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगापुढे ठळकपणे आला आहे. त्याचा विचार करताना या माळाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

हा प्रश्न ऐरणीवर आणला तो अमेरिकेने. २ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जवळजवळ साऱ्या जगावर आयातशुल्काचा बडगा उगारला आणि अवघ्या आठवडाभरात, ९ एप्रिलला, बहुतेक देशांपुरती वाढीव शुल्काची अंमलबजावणी नव्वद दिवसांसाठी थांबवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतावरील शुल्क पन्नास टक्क्यांवर नेण्यात आले. त्यांचे तत्कालीन सहकारी इलॉन मस्क यांची कथाही निराळी नाही. २०२२ मध्ये कागदपत्रांची नेहमीची छाननी न करताच त्यांनी ट्विटर ही कंपनी ४४ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला; मग माघार घेण्याचा प्रयत्न केला आणि प्रकरण न्यायालयात गेल्यावर खरेदी पूर्ण केली. हाच खाक्या घेऊन ते २०२५ च्या आरंभी सरकारी खर्चाच्या कपातीसाठी वॉशिंग्टनमध्ये दाखल झाले. फेब्रुवारीत या कपातीच्या धडाक्यात अण्वस्त्रांची देखभाल पाहणाऱ्या यंत्रणेतील शेकडो कर्मचारी कामावरून काढले गेले आणि आपण कोणाला काढले हे उमजताच बहुतेकांना घाईघाईने परत बोलावण्याची वेळ आली. मे संपता संपता मस्क सरकारातून बाहेर पडले, जूनमध्ये अध्यक्षांशी त्यांचे जाहीर भांडण झाले आणि जुलैत त्यांनी नव्या पक्षाची घोषणाही केली. अमेरिकेला हा अनुभव अगदीच अपरिचित नव्हता. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो हे धनाढ्य उद्योजक उतरले, जुलैत रिंगणाबाहेर गेले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा आत आले, आणि तरीही सुमारे एकोणीस टक्के मते घेऊन गेले. मतदाराला धडाडीचे आकर्षण असते, हाच त्याचा अर्थ.

आणि ते असण्यात काही गैरही नाही. धडाडी नसती तर महाराष्ट्रात उद्योग उभेच राहिले नसते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचे चरित्र पाहावे. १९१९ साली दिल्लीच्या प्रवासाला निघालेल्या वालचंदांच्या कानी आले की, ग्वाल्हेरच्या महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीला आहे; प्रवास तिथेच टाकून ते जहाज पाहायला परतले, असे सांगतात. त्या खरेदीतून सिंदिया कंपनीची सागरी वाहतूक सुरू झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने लंडनकडे प्रयाण केले आणि आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे विमानप्रवासात एका अमेरिकन व्यावसायिकाशी झालेल्या ओळखीतून १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना उभा राहिला. इंग्रजांच्या मक्तेदारीला आव्हान द्यायचे तर असला उतावळेपणा हवाच होता. हिशेबी माणूस त्या जहाजाकडे फिरकलाही नसता!

मग आक्षेप कशाला? आक्षेप आवेगाला नाही. आवेग चुकला तर किंमत कोण मोजतो आणि त्या माणसाला थांबवू शकेल असे कोणी भोवती आहे काय, हा खरा प्रश्न आहे. वालचंदांच्या बाजूला नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार होते, पुढे संचालक मंडळ होते, आणि कंपनीत पैसे घालणारा भागधारक स्वेच्छेने जोखीम पत्करून आलेला होता. राज्यकर्त्याच्या निर्णयात पैसा कोणाचा असतो? ज्याने जोखीम पत्करलेली नाही, किंबहुना ज्याला कोणी विचारलेलेही नाही, अशा करदात्याचा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराची हकिकत या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. वरवर पाहता लक्ष्मणरावही आवेगी वाटतील. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीवर लाथ मारली. परंतु त्याआधीच बेळगावात बंधूंसह सायकलींचे दुकान सुरू झालेले होते. उडी मारण्यापूर्वी पाय कुठे टेकणार हे त्यांनी पाहून ठेवले होते. लोखंडी नांगर तयार झाला तेव्हा शेतकऱ्याने तो घेतला नाही. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी त्याची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत लक्ष्मणराव काय करू शकत होते? समजावणे, प्रात्यक्षिक दाखवणे आणि वाट पाहणे. त्यापलीकडे काही नाही. शेतकऱ्याला नकार देण्याचा अधिकार होता आणि उद्योजकाला तो निमूटपणे सोसावा लागत होता. लक्ष्मणराव त्या काळी एखाद्या संस्थानचे सर्वाधिकारी असते तर एका हुकमाने लाकडी नांगर बंद करणे त्यांना शक्य झाले असते, आणि हुकूम बरोबर असूनही शेतकरी कदाचित कायमचा बिथरला असता. पुढे बेळगावातील जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली तेव्हाही आदळआपट न करता त्यांनी नवी जागा शोधली. ती जागा म्हणजे कुंडलचा माळ. (याच वाडीतून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले, हेही जाता जाता नमूद करायला हवे.)

जमीन देणारा राजाही विचारात घेण्यासारखा आहे. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या बाळासाहेबांनी १९३८ च्या अखेरीस सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा निर्धार जाहीर केला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आणली. गावोगावच्या पंचायती, त्यांवर तालुका समिती आणि वर संस्थानचे विधिमंडळ अशी ती रचना होती. कुंडल हा त्या संस्थानचाच एक तालुका. आपल्या इच्छेला आपणच मर्यादा घालून घेणारा राजा विरळा.

आपल्या परंपरेने हा विचार फार पूर्वी केला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात राजासाठी इंद्रियजय सांगितला आणि काम, क्रोध, लोभ, मान, मद व हर्ष हे सहा शत्रू नोंदवले. यातील सहावा शत्रू सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हर्ष म्हणजे यशाने आलेला उन्माद. अगस्त्यांवर चालून गेलेला वातापी हे त्याचे उदाहरण म्हणून कौटिल्य देतो. एकामागून एक सौदे फळत गेलेल्या माणसाला नेमकी हीच व्याधी जडण्याची शक्यता अधिक. विजय मल्ल्या यांनी २००५ मध्ये विमान कंपनी सुरू केली, २००७ मध्ये तोट्यातील एअर डेक्कन घेतली, लगोलग परदेशी उड्डाणे आरंभली. २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली आणि २०१६ मध्ये मालक देशाबाहेर गेले. बँकांचा दावा नऊ हजार कोटींहून अधिक रकमेचा होता. या काळातील बहुतेक वर्षे ते राज्यसभेचे सन्माननीय सदस्य होते, हे विसरता कामा नये. त्यांना तिथे पाठवणारे हात एकाच पक्षाचे नव्हते.

पण मल्ल्यांकडे बोट दाखवणे सोपे. कृष्णाकाठच्या वाचकाला याहून जवळचे चित्र परिचयाचे आहे. साखर कारखान्याची वार्षिक सभा भरते, अध्यक्षांच्या मनात अचानक आलेला विस्तार, डिस्टिलरी वा महाविद्यालय यांचा ठराव वाचला जातो, पहिल्या चार रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष होतो आणि मागे बसलेल्या सभासदाचा प्रश्न त्या घोषात विरून जातो. कारखाना अध्यक्षांच्या मालकीचा नाही, कर्जाला थकहमी सरकारची आणि थकलेले बिल उसाचे! २०११ साली राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने बरखास्त झाले, त्यामागे अशाच कर्जवाटपाचा इतिहास होता. वर्षानुवर्षे ‘मंजूर’खेरीज काही न ऐकलेला असा माणूस ‘यशस्वी प्रशासक’ म्हणून विधानसभेची पायरी चढतो, तेव्हा तो कोणत्या सवयी बरोबर घेऊन येतो?

राष्ट्रीय विचाराच्या पक्षालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. सत्ता जवळ आली की निवडून येण्याच्या क्षमतेचा जप सुरू होतो, दारात नव्या गाड्या उभ्या राहतात आणि वीस वर्षे सतरंज्या उचललेला कार्यकर्ता उंबऱ्याबाहेर राहतो. उद्योजक नकोतच असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे ठरेल. मुकुंद आयर्नचे वीरेन शहा १९६७ मध्ये लोकसभेवर गेले, आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात त्यांनी कारावास सोसला, पुढे भारतीय जनता पक्षात काम केले आणि १९९९ मध्ये, तीन दशकांच्या सार्वजनिक जीवनानंतर, पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. सौद्यांच्या जगातील माणसाला विरोध, पराभव आणि प्रतीक्षा यांची ओळख होण्यास एवढा अवधी लागतो आणि तो द्यावा लागतो.

तेव्हा उमेदवारी मागणाऱ्या उद्योजकाचा ताळेबंद अवश्य पाहावा. परंतु त्याबरोबर आणखी एक चौकशी व्हावी. या माणसाला शेवटचे ‘नाही’ कोणी म्हटले होते? तो जुना हिशेबनीस, तो अभियंता, तो धाकटा भाऊ आजही त्याच्याबरोबर काम करतो आहे, की दुसऱ्याच दिवशी त्याचा हिशेब चुकता झाला? चुकलेला निर्णय फिरवताना याने चूक कबूल केली, की कामगारांच्या माथी मारली? या चौकशीला ना समिती लागते, ना सर्वेक्षण. कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पाळी सुटण्याच्या वेळी अर्धा तास बसणारा तालुक्यातील कोणताही जुना कार्यकर्ता ती करू शकतो.